काउंटीचे रंगीत नकाशे आणि ± चा रकाना

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) बसमार्ग, दवाखाने, ज्येष्ठांची भोजनकेंद्रे कुठे हवीत ते वस्तीवार आकडेवारीवरून ठरवतात, याचे कौतुक आपल्या दैनिकात वाचले. कौतुक रास्तच आहे. मात्र ज्या आकड्यांवर नकाशा रंगवलेला असतो त्यांच्या शेजारचा, आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते सांगणारा ± चा रकाना बहुतेक सादरीकरणांत दिसतच नाही आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तिथे काउंटीच्या जनसुनावण्यांना जाणाऱ्या मराठी मंडळींनी तरी तो रकाना मागून घ्यावा, म्हणून हे पत्र.

अख्ख्या काउंटीची सरासरी नियोजनाला जवळजवळ निरुपयोगी असते. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथे 50 लाखांहून अधिक लोक राहतात. त्यांच्या एका सरासरीवरून दवाखान्याची जागा कोण ठरवणार? म्हणून काउंटीचे सेन्सस ट्रॅक्ट, म्हणजे जनगणनेसाठीचे छोटे भाग, पाडलेले असतात, साधारण 4,000 लोकवस्तीचे (किमान 1,200, कमाल 8,000). ट्रॅक्टचे आणखी लहान भाग म्हणजे ब्लॉक ग्रुप. ट्रॅक्टचा संकेतांक 11 अंकी असतो: दोन अंक राज्याचे, तीन काउंटीचे, सहा ट्रॅक्टचे. स्प्रेडशीटमध्ये तो मजकूर म्हणूनच घ्यावा. संख्या म्हणून घेतला तर कॅलिफोर्नियाच्या 06 मधले शून्य गळते आणि नकाशाशी एकही ओळ जुळत नाही. पिनकोडसारख्या झिपकोडवर नियोजन करू नये. तो टपालाच्या सोयीसाठी आहे आणि काउंटीची हद्द खुशाल ओलांडतो.

उत्पन्न, मोटारी, घरभाडे ही माहिती दर दहा वर्षांच्या जनगणनेत नसते. 2000 नंतर जनगणनेची लांबलचक प्रश्नावली बंद झाली आणि ते काम अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेकडे गेले. ही नमुना पाहणी आहे. वर्षाला देशभरातले सुमारे 35 लाख पत्ते निवडले जातात. एका वर्षाचे नेहमीचे तक्ते 65,000 किंवा त्याहून जास्त वस्तीच्या भागांचेच निघतात. ट्रॅक्टसाठी पाच वर्षांची उत्तरे एकत्र करावी लागतात, त्यामुळे 2019–2023 चा आकडा हा 2023 चा आकडा नव्हे.

आता त्रुटीकडे. बस सुरू करायची म्हणून मोटार नसलेली कुटुंबे शोधायची आहेत (तक्ता बी25044). समजा, एका ट्रॅक्टमध्ये ती 120 आहेत आणि शेजारी ± 85 लिहिले आहे. म्हणजे 90 टक्के विश्वासपातळीवर खरा आकडा 35 ते 205 मध्ये कुठेही असू शकतो. 85 ला 1.645 ने (90 टक्के पातळीचा गुणक) भागले की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) येते, सुमारे 52. ती 120 च्या 43 टक्के झाली. हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर गेले की त्या एकट्या आकड्यावर पैसा लावू नये, असा या कामातला ढोबळ संकेत आहे. उपाय सोपा आहे: लगतचे ट्रॅक्ट जोडा. 120 ± 85, 210 ± 110 आणि 160 ± 95 मिळून 490 कुटुंबे झाली. त्रुटीची मात्र बेरीज करायची नाही. तिन्ही ± आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे. ते सुमारे 168 येते. त्याला 1.645 ने भागले की प्रमाण त्रुटी सुमारे 102, म्हणजे 490 च्या 21 टक्क्यांवर उतरते. जोडताना बसमार्ग, नदी, महामार्ग पाहून जोडावे. हवे ते उत्तर येईपर्यंत ट्रॅक्ट उलटसुलट जोडत बसणे ही लबाडी आहे, आणि ती सर्रास चालते.

मध्यक उत्पन्नाला, म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाला (तक्ता बी19013), हा हिशेब लागू नाही. तीन ट्रॅक्टच्या मध्यकांची सरासरी म्हणजे तिन्ही मिळून झालेल्या भागाचा मध्यक नव्हे. त्यासाठी बी19001 मधल्या 16 उत्पन्नगटांतली कुटुंबे गटवार जोडून मध्यक नव्याने काढावा लागतो. श्रीमंत वस्तीत 250,001 डॉलर दिसले तर ते उत्पन्न नसून ‘अडीच लाखांच्या वर’ अशी खूण आहे. तीही सरासरीत मिसळलेली आढळते.

काळाची तुलना करताना दोन खड्डे आहेत. 2018–2022 आणि 2019–2023 यांत चार वर्षे सामाईक आहेत, तेव्हा त्यांतला फरक वाचण्यात अर्थ नाही. 2019–2023 ची तुलना 2014–2018 शी करावी. पण तो जुना संच 2010 च्या जनगणनेतल्या ट्रॅक्टहद्दींवर आहे आणि नवा 2020 च्या. मधल्या काळात वस्ती वाढलेले ट्रॅक्ट दुभंगले आणि त्यांच्या क्रमांकांपुढे .01 आणि .02 लागले. जुन्या-नव्या हद्दींच्या जुळणीचा तक्ता न वापरता नकाशा काढला, तर सर्वांत वेगाने वाढलेली वस्तीच ओसाड पडल्यासारखी दिसते. जुने डॉलरही महागाईनुसार वाढवून घ्यावे लागतात.

गरिबीच्या नकाशावर महाविद्यालयाभोवतीचे ट्रॅक्ट हमखास गडद दिसतात. वसतिगृहातले विद्यार्थी गरिबीच्या गणनेत धरत नाहीत, पण बाहेर खोली घेऊन राहणारे धरतात. तुरुंग असलेल्या ट्रॅक्टमध्ये कैदी तिथलेच रहिवासी मोजले जातात, त्यामुळे वयाचे आणि लिंगाचे प्रमाण विचित्र होते. दोन्ही ठिकाणी समूहनिवासातली (वसतिगृह, तुरुंग अशा ठिकाणची) संख्या आधी वेगळी काढून पाहावी.

शेवटचे, ताजेपणाचे. पाच वर्षांच्या आकड्यांत नुकतीच उभी राहिलेली वसाहत पुरेशी दिसत नाही. तिथे काउंटीच्याच नोंदी कामी येतात: नव्या घरांचे वापरपरवाने, मालमत्ता कराची यादी, शाळांचा पट. 400 नवी घरे, 94 टक्के भरलेली, घरटी 2.7 माणसे, म्हणजे सुमारे 1,015 लोक. हा अंदाज ट्रॅक्टच्या आकड्यात नुसता मिळवू नये. पाहणीच्या काळात त्यातली काही घरे आधीच भरली असतील तर ती दोनदा मोजली जातात. परवान्यांच्या तारखा पाहून तेवढी वजा करावीत.

आपला,
एक वाचक
(लोकसंख्या व नियोजन विश्लेषक)