अक्कादेवीच्या माळावर

उरण,
२६ सप्टेंबर

प्रिय दोस्ता,

काल चिरनेरला जाऊन आलो. बूट अजून ओटीवर निथळताहेत, पण तुला लिहिल्याशिवाय चैन पडेना.

२५ सप्टेंबर म्हटल्यावर तुला वेगळं सांगायला नको. गावात जंगल सत्याग्रहाच्या हुतात्म्यांना वंदन केलं आणि आम्ही तेरा जण अक्कादेवीच्या डोंगराकडे निघालो. परतीचा पाऊस, आभाळ सकाळपासूनच भरलेलं. वाटेत हळवं भात आडवं पडलेलं पाहून पोटात कालवलं. कर्नाळ्याचा सुळका तर दिवसभरात एकदाही दिसला नाही.

चढणीला वाटेचाच ओढा झाला होता. लाल पाणी घोट्यांच्या वर, पायाखालचा मुरूम सरकायचा. एका मुलीचं कोपर चांगलंच फुटलं. विजा सुरू झाल्या तसे झाडांपासून लांब, खोलगट जागी अर्धा तास उकिडवे बसून राहिलो. काही जण म्हणाले, परत फिरू या. त्यांचं चूक नव्हतं. गडगडाट लांब गेला तेव्हाच उठलो.

माळावरची आपली दगडांची रास ढासळली होती, ती पुन्हा रचली. मग आठही हुतात्म्यांची नावं मोठ्याने वाचली. कागद भिजून शाई पसरलेली. 'नवश्या महादेव कातकरी' म्हणताना आमच्यातल्या कातकरवाडीच्या पोराचा आवाज अडकला. १९३० साली जंगलचा कायदा मोडायला इथे आलेली ती माणसं आपल्यासारखीच, आगरी, कोळी, कातकरी. ज्या रानातून चुलीला लाकूड यायचं, तिथेच कोयता चालवणं गुन्हा ठरलं होतं. मग गोळीबार झाला, धरपकड झाली, खटला चालला. त्यात सत्याग्रहींच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, हे आमच्यातल्या निम्म्या पोरांना ठाऊकच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दहावीत असताना तू एकदा म्हणाला होतास, "आमचा आजा तर पळून आला." आणि मान खाली घातली होतीस. तुझी आजी सांगायची, कोयता डोंगरावरच राहिला, माणूस काट्यांनी फाटून घरी आला, दोन दिवस जेवला नाही.

काल तोच उतार मी झुडपं धरधरून उतरलो. माझ्या मागे कोणी नव्हतं, तरी गुडघे लटपटत होते. त्यांच्या मागे बंदुका होत्या रे. आणि पळाले ते नंतर. आधी कोयता घेऊन वर गेले होते, पोलीस असणार हे ठाऊक असताना गेले होते. तू इतकी वर्षं गोष्टीचा शेवटच धरून बसलास.

तुझ्या वाटचा दगडही ठेवला आहे. तुमच्या मागच्या दारी आजीच्या पाट्याचा तुटका तुकडा पडला होता, तो वहिनींनी दिला. एवढी वर्षं वाटण वाटून मधे गुळगुळीत झालाय, पण कडेला टाकीचे खड्डे अजून बोटाला लागतात. रुंद बाजू खाली करून, फटीत चिपा ठोकून बसवलाय. हलवून पाहिला, हलत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा एक दिवस राखून ठेव. पहाटेच निघू, वर तुला जागा दाखवतो.

तुझाच,
बाकावरचा सोबती