आईला पुन्हा उभे करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

पक्षाघाताने आईची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा ती पुन्हा चालेल का, या एकाच प्रश्नाने आम्हा घरच्यांना घेरले होते. आपण मात्र चालण्याआधी तिच्या उभे राहण्याकडे पाहिलेत, आणि त्याबद्दल आम्ही आपले मनापासून ऋणी आहोत.

खुर्चीतून उठताना आई सगळा भार उजव्या पायावर टाकत असे. आपण तिचा उजवा पाय थोडा पुढे सरकवलात आणि डावा मागे, गुडघ्याखाली ठेवायला लावलात. एवढ्याशा बदलाने डाव्या पायाला काम करणे भाग पडले. चांगले पाऊल उचलायचे, तर तेवढा क्षण सारे शरीर दुबळ्या पायाने पेलावे लागते आणि तो विश्वास नसला की चांगले पाऊलही घाईने, आखूड पडते, हे आपण इतक्या शांतपणे समजावलेत की पुढचा सराव आईने स्वतःहून मागून घेतला. मेंदूचा शाबूत भाग हे काम नव्याने शिकतो तो त्याच कृतीच्या पुनरावृत्तीने, म्हणून तेच उठणे-बसणे आपण न कंटाळता करून घेतलेत.

आम्हालाही आपण घडवलेत. आधार द्यायचा म्हणजे दंड धरायचा, असाच कोणाचाही समज असतो. पण लुळ्या हाताला ओढ बसली तर खांद्याचा सांधा निसटू शकतो, म्हणून कमरेला पट्टा बांधून डाव्या बाजूला, किंचित मागे उभे राहायला आपण शिकवलेत. काठी उजव्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुबळा. पावलाचा चवडा जमिनीला घासून अडखळू नये म्हणून घोट्याला स्प्लिंटही दिलात.

तोल तपासण्याच्या बर्ग चाचणीत 14 कृती आणि एकूण 56 गुण असतात. गुण वाढले की आईचा चेहरा उजळायचा. पण आपण त्या आकड्यावर कधीच थांबला नाहीत. चालता चालता तिच्याशी बोलत राहायचात, वळायला लावायचात, कारण घरात माणूस केवळ चालण्याकडे लक्ष देऊन चालत नाही. मला आपल्या कामातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो, पण त्यानंतरही सरावाने फरक पडतो, हे आपले सांगणे आम्ही धरून ठेवले आहे. आई आता काठीच्या आधाराने घरभर फिरते. वळताना अजून कोणीतरी जवळ लागते, आणि त्यासाठी आपण आखून दिलेला सराव रोज सुरू आहे. पुढच्या तपासणीला ती आपल्यासमोर स्वतः चालत येणार आहे. आपल्या कष्टांबद्दल आणि आईशी कायम आदराने वागल्याबद्दल आम्हा सर्वांच्या वतीने आपले शतशः आभार.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी