सांडपाणी प्रकल्पाबाबत सर्व सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

आपल्या एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा) पंप या महिन्यात दुसऱ्यांदा तुंबला. ऑपरेटर दादांनी उघडला, तर पात्यांभोवती वेट वाइप्सचा दोरखंडासारखा पीळ बसलेला. पाकिटावर काहीही छापलेलं असो, ते कापड पाण्यात विरघळत नाही. वाइप्स, डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या. तळणीचं तेलही सिंकमध्ये नको.

याहून महत्त्वाचं म्हणजे, टाकीत पाणी साफ करतात ते जिवाणू. ब्लोअरची (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राची) हवा मिळाली तरच ते घाण खातात. लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन त्यांना लागतो. संडासात बाटलीभर अ‍ॅसिड ओतलं की तेच मरतात. दादा रोज लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात अर्धा तास स्थिर ठेवतात. गाळ तपकिरी, वरचं पाणी नितळ आणि वास ओल्या मातीचा, म्हणजे सगळं ठीक. परवाचा गाळ काळा होता, कुजका वास येत होता, म्हणजे जिवाणूंना हवा कमी पडली. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवण्याचा विषय कृपया पुन्हा काढू नये.

आपलं जादा पाणी राम नदीत जातं. खाटपेवाडीहून निघालेली ही नदी बावधन, पाषाण, बाणेर करत मुळेला मिळते. पाषाण तलावातली जलपर्णी अशाच सांडपाण्यावर पोसते, हे पाहून जीव तुटतो.

रविवारी सकाळी 8 वाजता प्रकल्प बघायला या, मुलांनाही आणा. टाकीच्या झाकणांपासून मात्र त्यांना लांब ठेवा. आतला वायू जीवघेणा असतो.

– व्यवस्थापन समिती