पाऊणपटीचा हिशेब काठावर चुकतो

महोदय,

उन्हाळ्यात बुडण्याच्या बातम्या सुरू झाल्या की ‘पाण्याच्या खोलीचा अंदाज न आल्याने’ हे शब्द ठरलेलेच. तो का येत नाही, हे आपण शाळेत अर्धंच शिकवतो.

पाण्याचा अपवर्तनांक (पाण्यातून हवेत येताना प्रकाश किती वळतो, म्हणजेच त्याचं अपवर्तन किती होतं, ते सांगणारा आकडा) १.३३, म्हणून २ मीटर पाणी दीड मीटर दिसतं, एवढं दहावीच्या मुलांना पाठ असतं. पण हा पाऊणपटीचा हिशेब सरळ खाली पाहिलं तरच खरा. काठावरून माणूस तिरकं पाहतो. उभ्या रेषेशी ६० अंशांत पाहिलं तर तेच २ मीटर पाणी जेमतेम १ मीटर वाटतं. ७५ अंशांत सुमारे ५६ सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर! त्यामुळे सपाट तळाचा तलावही पायाशी खोल आणि पुढे उथळ होत गेलेला दिसतो. पाण्यात उतरलं की डोळे पृष्ठभागाजवळ येतात, कोन वाढतो आणि समोरचं पाणी आणखीच उथळ भासतं.

वर्गात हे बादलीत दाखवता येतं. २४ सेंटिमीटर पाण्यानं बादली काठोकाठ भरा, समोरच्या कडेला तळाशी नाणं ठेवा. दुसरं नाणं बादलीच्या बाजूला, आपल्यापासून तेवढ्याच अंतरावर धरा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवत ते वर-खाली करा. दोन्ही नाणी बरोबरीनं सरकली की बाहेरच्या नाण्याची उंची मोजा; आतलं नाणं तेवढ्याच उंचीवर दिसत असतं. आतल्या नाण्याच्या बरोबर वरून पाहिलं तर बाहेरचं नाणं तळापासून ६ सेंटिमीटर वर येतं, ६० अंशांतून सुमारे १२. बादली भरलेली नसेल तर काठ आड येतो. डोकं वर-खाली हलवलं तर कोनच बदलतो आणि मग काहीच जुळत नाही. प्रयोग फसतो तो बहुतेक इथेच.

तलावांवर नुसतं ‘पाणी खोल आहे’ असं लिहून भागत नाही. उथळ दिसणाऱ्या पाण्यापुढे त्या पाटीवर कोण विश्वास ठेवणार? घाटाच्या किंवा विहिरीच्या भिंतीवर तळापासून मीटरचे आकडे रंगवावेत. पाण्याच्या रेषेवर जो आकडा येईल तीच त्या दिवसाची खोली. तो हवेतून वाचला जातो, त्यामुळे अपवर्तनाचा प्रश्न येत नाही. पाण्याखालचे आकडे मात्र दाटलेले दिसतील, ते वाचू नयेत. आणि गाळ काढला की शून्याची खूण नव्या तळाशी न्यावी, नाहीतर पट्टीच खोली कमी सांगेल.

— एक विज्ञानशिक्षक, सातारा