काजूच्या काट्यावर ३६ किलो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. एप्रिल-मे महिन्यांत काजू बियाही घेतो, त्यासाठी दारात मोठा काटा असतो. गोण उतरवली की कुणी ना कुणी गंमत म्हणून त्यावर उभं राहतं. वाड्यावरच्या एक आजी गेल्या साली अशाच उभ्या राहिल्या तेव्हा ४१ किलो भरल्या होत्या. यंदा ३६. काटाच बिघडला असेल म्हणून मी तांदळाची २५ किलोची गोण चढवून पाहिली. काटा बरोबर होता.

त्या दिवशी त्यांच्या उधारीचं पान काढून बसलो. चहा पावडर, साखर, बटर (चहात बुडवून खायचे कडक पाव), दहा रुपयांचे बिस्किटांचे पुडे, पुन्हा बटर. अख्ख्या महिन्यात मूगडाळ एकदाच, पाव किलो. हे पान गरिबाचं म्हणावं तर गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० रुपये पेन्शन त्यांना मिळते, रेशनचा तांदूळ असतो, आणि वेर्ण्याला कामाला असलेला मुलगा दर रविवारी पिशवी भरून आणतो. पण एकट्या जिवासाठी चूल पेटवून चार भांडी करायची कोणी? सकाळी चहा-बटर, अकराला पेज आणि मिस्कुटाची (कैरीच्या लोणच्याची) फोड, रात्री उरलेली तीच पेज. त्यांचे यजमान वारल्यापासून त्या शिवराकच (शाकाहारीच) खातात, त्यामुळे मासळीही गेली. कुळीथ का नेत नाही विचारलं, तर म्हणाल्या, "दांत ना रे पुता, चाबूंक जायना."

पेजेला मी नावं ठेवणार नाही, मीही तिच्यावरच वाढलो. उकड्या तांदळात पॉलिशच्या तांदळापेक्षा ब-१ जीवनसत्त्व जास्त टिकतं. पण आमच्या लहानपणी पेज एकटी नसायची. सोबत कुळथाची पिठी, नाहीतर अळसांद्यांचा (चवळीच्या जातीच्या कडधान्याचा) तोंडाक म्हणजे रस्सा, सुक्या गालम्याची (जवळ्याची) किसमूर म्हणजे कोशिंबीर. कुमेरीतले (डोंगरउतारावरच्या शेतातले) नाचणे आले की तिजन, म्हणजे नाचण्याची खीर. सोबत गेली, पेज तेवढी उरली. हिशेब दुकानदाराचा आहे, पण बघा: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ३६ किलोच्या देहालाही ३० ग्रॅम. दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ धरला तर त्यातून १२ ग्रॅमसुद्धा मिळत नाहीत. बटरांनी त्यात कितीशी भर पडणार?

मुलाला फोन केला. त्यानं आईला तपासून आणलं. हिमोग्लोबिन ८.२ (बायकांना निदान १२ हवं) आणि ब-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं. पायांची आग, मुंग्या, नावं विसरणं या सगळ्याला आम्ही 'वय झालं' म्हणत होतो. वयानुसार पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं ब-१२ नीट शोषलं जात नाही, हे मला तेव्हा कळलं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही ते उतरू शकतं. आमच्या शेजारचे आजोबा तर 'साखर बंद' ऐकून अर्धं ताटच बंद करून बसलेत!

अंगणवाडीच्या भिंतीवर सरकारच्या पोषण माह मोहिमेचं चित्र आहे. त्यात गरोदर बाई आहे, तान्हं बाळ आहे, शाळकरी मुलगी आहे. ते योग्यच. पण २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठी ओलांडलेले ११.२ टक्के होते, केरळच्या खालोखाल देशात सर्वाधिक. आता तर ते आणखी वाढले असणार. त्या चित्रात एक म्हातारा कुठं बसवता आला नसता?

माझं मागणं फार खर्चाचं नाही. पेन्शन चालू राहावी म्हणून प्रत्येक म्हातारं माणूस वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतं. तो द्यायला सहसा कुणी चुकत नाही. मग त्याच दिवसांत पंचायतीत नर्सबाई बसवून वजन आणि हिमोग्लोबिन का पाहू नये? माणूस जिवंत आहे एवढंच लिहून घेण्यापेक्षा कसा आहे तेही कळेल. दुसरं, शाळांचा मध्यान्ह आहार गावोगावी बचत गटाच्या बायका रांधतात. वाड्यावर एकट्या राहणाऱ्या पाच-सहा जणांची मऊ उसळ त्याच चुलीवर करायला कितीशी अडचण आहे? सरकारनं त्याचे पैसे मोजावेत.

आजींना इंजेक्शनं सुरू आहेत. कुळीथ मी भाजून, दळून देतो, त्याची पिठी त्या खातात. नाचण्याचं पीठही नेतात, दुपारी ताक घेतात. परवा काट्यावर ३७.५ भरल्या. बटर मात्र सोडत नाहीत, आणि मीही विकतो, खोटं कशाला बोलू.

हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत पंचायतीला काटा हवा असेल तर माझा घेऊन जावा. काजूचा मोसम संपला की तो कोपऱ्यात पडूनच असतो.

आपला,
एक दुकानदार, सत्तरी