पोफळीच्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, स. न. वि. वि.

मे महिन्यात कुंभार्ली घाटात पांढऱ्या मारुती एट हंड्रेडचं बॉनेट उघडून उभा होता, तो मी. घाटात रोज कुणाची ना कुणाची गाडी उकळत असणार, म्हणून खूण सांगतो: मागच्या सीटवर आंब्याच्या दोन पेट्या आणि इंजिनाहून जास्त तापलेली माझी आई.

गाडी बाबांची, १९९७ची. तीनदा पासिंग करून घेतलेली. महिनाभर आधी शहरातल्या एका गॅरेजने दोन मिनिटांत निकाल दिला होता: हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलंय, हेड उतरवून फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, अठरा हजार. नाहीतर भंगारात द्या. मी दोन्ही टाळलं आणि चिपळूणहून कराडला निघालो. शहाणपणा नव्हताच.

तुम्ही स्कूटीवर पाण्याचे दोन कॅन घेऊन आलात तेव्हा मी खुशीत सांगितलं, "काका, काटा आपोआप खाली आला, गाडी थंड झाली." तुम्ही माझ्याकडे असे पाहिलेत की अजून आठवतं. "पाणी संपलं म्हणून काटा पडला. सेन्सर कोरडा झाल्यावर तो काय दाखवणार?" म्हणजे मी ज्याला थंडावा समजत होतो, ती सगळ्यात वाईट खूण होती. फडकं घेऊन रेडिएटरची कॅप फिरवायला गेलो तर हातावर चापट बसली. त्या चापटीचे आभार वेगळे. आत दाबाखाली कोंडलेली वाफ होती, तोंडावरच आली असती.

मग पाऊण तास थांबलो. गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकतं, हे तेव्हा कळलं. तेवढ्या वेळात तुम्ही डॉक्टरसारखं विचारत होतात. ट्रॅफिकमध्ये तापते की चढावर? पाणी किती दिवसांनी घालता? कुठलं घालता? ट्रॅफिकमध्ये फॅन लागतो, काटा मधेच राहतो, तापते ती चढावर, असं मी म्हटल्यावर तुम्ही मान डोलावलीत. "मग फॅन ठीक आहे. रेडिएटर बघू."

शेडमध्ये कॅप उघडी ठेवून गार इंजिन चालू केलंत. पाण्यात बुडबुडे नाहीत. डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळून पाहिलंत, दुधाळ नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही. "हेडला काही झालेलं नाही." अठरा हजार तिथेच वाचले. इंजिन तापल्यावर बंद केलंत, फॅनचा प्लग काढलात आणि रेडिएटरच्या जाळीवर हाताची मागची बाजू फिरवून म्हणालात, "आता तुम्ही बघा." वरचा भाग चटका बसेल इतका गरम आणि मधे तळहाताएवढा पट्टा चक्क गार. त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं, सगळा क्षार. बाबा दर रविवारी मोठ्या प्रेमाने बोरचं पाणी भरायचे. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

कॅपचं रबर तर पापडासारखं कडक झालं होतं. चांगली कॅप ०.९ बारचा दाब धरते आणि पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. आमची कॅप दाब धरतच नव्हती, म्हणून चढावर पाणी उकळून बाहेर.

कॅप बदललीत, पाणी भरलंत आणि सांगितलंत: अंधार पडल्यावर निघा, हीटर फुल सोडा म्हणजे इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर पडेल, काचा खाली, दुसऱ्या गिअरवर हळू, काटा चढू लागला की थांबा. एसी कधीच मेलेला, पण हीटर जिवंत निघाला. मे महिन्यात हीटर लावून घाट चढणारं आमचं एकच कुटुंब असेल. आई हेळवाकपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तीनदा थांबलो, पण पोचलो, आणि आंबेही टिकले.

आठ दिवसांनी परतताना रेडिएटर उतरवून चिपळूणला पाठवलात, टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून घेतलीत आणि कुलंट भरलंत. पहिल्या दिवशीचे पैसे विचारले तर कॅपसकट साडेतीनशे म्हणालात. पाचशेची नोट दिली, तर सुटे शोधायला शेजारच्या टपरीवर गेलात.

परवा पुन्हा घाट चढलो, भर दुपारी. काटा मधोमध होता. तुमच्या शेडला कुलूप होतं, म्हणून हे पत्र. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दिवाळीपर्यंत चालेल असं म्हणाला होतात, तेव्हा दिवाळीआधी येतो. आईने तुमच्यासाठी आंबापोळी काढून ठेवली आहे.

आपला,
पांढरी एट हंड्रेडवाला