ट्रॅक्टरची किंमत कागदावर लिहून का देत नाहीत?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे, साडेतीन एकर बाग आहे, आणि २०२५ च्या दिवाळी पाडव्याला मी बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतला. तो घेताना अडीच महिने जे फिरलो आणि पाहिलं ते इतर शेतकऱ्यांपर्यंत जावं म्हणून हे पत्र लिहितोय. आपण युरियाची ४५ किलोची गोणी घेतली तरी तिच्यावर २६६ रुपये ५० पैसे किंमत छापलेली असते, औषधाच्या शंभर मिलीच्या बाटलीवर एमआरपी असते, आणि सहा लाखांच्या ट्रॅक्टरची किंमत मात्र मला कुठं लिहिलेली सापडली नाही. वेबसाईटवर गेलं तर आधी नाव आणि मोबाईल नंबर टाका म्हणतात, शोरूममध्ये गेलं तर आधी चहा येतो आणि मग विचारणा सुरू होते, "काका, जुना द्यायचाय का, फायनान्स करायचंय का, अनुदानात नंबर लागलाय का?" या तिन्हीची उत्तरं घेतल्याशिवाय आकडा तोंडातून निघत नाही, आणि निघाला की व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेनानं लिहून देतात, त्यावर ना सही ना शिक्का.

माझा जुना ट्रॅक्टर पंधरा वर्षं चालला, टू व्हील ड्राइव्ह होता, त्यानं भरपूर काम दिलं त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वर्षी मे महिन्यापासून जो पाऊस लागला तो तुम्हाला माहीतच आहे, आमची जमीन काळी, एकदा चिखल झाला की आठवडा आठवडा वाफसा येत नाही, आणि डावणी (द्राक्षाच्या पानांवरचा बुरशीचा रोग) काही वाफशाची वाट बघत नाही. जुलैत पानं वाचवायला फवारणी काढली तर ६०० लिटरचा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र, भरलेला आणि ट्रॅक्टर ओळीच्या मधोमध एक्सलपर्यंत रुतला, शेजारच्या भाऊंचा मोठा ट्रॅक्टर आणून साखळीनं ओढला तेव्हा दोन वेलींचे खुंट सोलले गेले. त्या दिवशीच ठरवलं की आता फोर व्हीलच घ्यायचा.

आता निवडायचा कसा, तर इथं पहिली फसगत एचपीची होते. सेल्समन इंजिनचा एचपी सांगतो, २४, २७, २८. पण ब्लोअर चालतो तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, आणि पीटीओला मिळणारी ताकद इंजिनपेक्षा कमीच असते, किती कमी ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिच्या टेस्ट रिपोर्टमध्ये पीटीओची ताकद, लिफ्ट किती किलो उचलते, वळायला किती जागा लागते, डिझेल किती जातं हे सगळं मोजून लिहिलेलं असतं. मी तीन शोरूममध्ये हा रिपोर्ट मागितला, एकानंच दाखवला, दुसरा म्हणाला साहेबांना विचारतो आणि तिसऱ्याला मी काय मागतोय हेच कळेना. रिपोर्ट बघा आणि त्याच्याही पुढं म्हणजे डेमो आपल्याच बागेत, आपलाच ब्लोअर लावून, टाकी काठोकाठ भरून घ्या. शोरूमच्या डांबरी अंगणात चक्कर मारून काहीही कळत नाही.

मी सप्टेंबरमध्ये पाऊस उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन ट्रॅक्टरचे डेमो घेतले. आमची लागण नऊ बाय पाच फुटांची आहे. पहिला ट्रॅक्टर दिसायला देखणा, पण ब्लोअरचा पंखा सुरू केला की इंजिनचा आवाज खाली बसायचा, आणि त्याचा सायलेन्सर उभा होता, मांडवाखालून एकच ओळ काढली तर वरच्या फुटींची पानं जिथं तिथं करपून तपकिरी झाली, हात लावला तर कुरकुरीत. बागेच्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर आडवाच पाहिजे, ही गोष्ट मला एकाही ब्रोशरमध्ये ठळक लिहिलेली दिसली नाही. दुसऱ्याचा सायलेन्सर खालून होता, मडगार्ड आत घेतलेले होते, बांधाजवळ एकाच वळणात फिरला आणि जुलैत जिथं रुतलो होतो तिथून भरल्या टाकीनं निघाला. मी तिथंच मनात नक्की केलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही, आणि हे खरंच महत्त्वाचं आहे, कारण एकदा "हाच पाहिजे" म्हटलं की भाव हलत नाही.

आता भावाचं. याच ट्रॅक्टरचा आकडा ऑगस्टमध्ये आमच्या जवळच्या डीलरनं कार्डामागं लिहून दिला होता, ६ लाख ४० हजार, पासिंग (आरटीओ नोंदणी) आणि इन्शुरन्सचे ३२ हजार वेगळे. ऑक्टोबरात गेलो तर मोठा बॅनर लागलेला, दिवाळी धमाका, आणि मला म्हणाले काका तुमच्यासाठी स्पेशल ४० हजार कमी, ६ लाखाला घ्या, पाडव्यापर्यंतच आहे. मला बरं वाटलं. घरी येऊन पुतण्याला सांगितलं, तो पतसंस्थेत कामाला आहे, त्यानं मोबाईलवर हिशोब केला आणि म्हणाला, यात डीलरची सूट एक रुपयाची पण नाही. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. ६ लाख ४० हजारातून १२ टक्के काढले तर मूळ किंमत येते ५ लाख ७१ हजार ४२९, त्यावर ५ टक्के लावले की बरोबर ६ लाख. म्हणजे सरकारनं शेतकऱ्याला दिलेले ४० हजार आम्हाला दिवाळी ऑफर म्हणून दाखवले. माझ्याकडं ऑगस्टचं कार्ड नसतं तर मी आभार मानून पैसे भरले असते, आणि माझ्या आधी किती जणांनी तसे भरले असतील याचा विचार करून मला रात्री झोप लागली नाही.

मग मी त्याच कंपनीच्या दुसऱ्या तालुक्यातल्या डीलरकडं गेलो आणि सरळ सांगितलं की मला जुना द्यायचा नाही, फायनान्स तुमच्याकडून नको, नुसती गाडीची किंमत लेटरहेडवर लिहून द्या. त्यांनी थोडं टाळलं, पण दिली, ५ लाख ७४ हजार. तो कागद घेऊन परत जवळच्या डीलरकडं आलो. इथं मी आवाज चढवला नाही, जीएसटीचा हिशोब आणि तो कागद टेबलावर ठेवला आणि बसून राहिलो. तासाभरानं ५ लाख ८० हजारावर आले. सहा हजार जास्त देऊन मी इथूनच घेतला, कारण वर्कशॉप आठ किलोमीटरवर आहे आणि पोंगा स्टेजला, म्हणजे छाटणीनंतर नवे कोंब फुटतात तेव्हा, ट्रॅक्टर बंद पडला तर सहा हजारापेक्षा एका दिवसाची फवारणी मला महाग आहे. हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण फार लांबचा स्वस्त ट्रॅक्टर मी तरी घेणार नाही.

जुन्या ट्रॅक्टरचंही असंच. एक्सचेंजला त्याचे १ लाख ६० हजार धरतो म्हणाले, ऐकायला छान, पण ते धरताना नवा ६ लाखाचा. आणि जुना नाही दिला तर नवा ५ लाख ८० हजारांचा. म्हणजे जुन्याची खरी किंमत त्यांनी १ लाख ४० हजारच केली होती. मी तो गावातल्याच एकाला १ लाख ५२ हजाराला दिला. नव्याचा भाव पक्का होऊन कागदावर येईपर्यंत जुन्याचा विषयच काढू नये.

फायनान्सचं मात्र मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथं जातो आणि कळतही नाही. मला ४ लाख कर्ज लागत होतं. शोरूममध्येच बसलेला फायनान्सवाला म्हणाला, फक्त ९ टक्के, पाच वर्षं, सहामाही हप्ता ५८ हजार, आज सही उद्या गाडी. बँकेत चौकशी केली तर ११ टक्के. कुणीही म्हणेल ९ चांगलं. पण ते ९ टक्के फ्लॅट होतं, म्हणजे तुम्ही निम्मं मुद्दल फेडलं तरी व्याज पूर्ण ४ लाखावरच चालू. दहा हप्ते ५८ हजाराचे म्हणजे ५ लाख ८० हजार, व्याज १ लाख ८० हजार. बँकेचं ११ टक्के घटत्या शिलकीवर, त्याचा सहामाही हप्ता ५३ हजाराच्या आसपास आणि व्याज सव्वा लाखाच्या थोडं वर, १ लाख ३१ हजार. पुतण्यानं काढलं तर फ्लॅट ९ म्हणजे खरं १५ टक्क्यांच्या जवळ पडतं. ४९ हजारांचा फरक, म्हणजे मी भावात जेवढी घासाघीस केली त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि तो नुसत्या एका सहीवर जाणार होता. बँकेनं सातबारा, बोजा, सर्च रिपोर्ट करत तीन आठवडे घेतले, फेऱ्या झाल्या, पण केलं.

इथं एक गोष्ट शेतकऱ्यांना माहीत असायलाच पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून असं कर्ज देणाऱ्या बँकेनं काय किंवा फायनान्स कंपनीनं काय, करारावर सही घेण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट म्हणजे केएफएस द्यायचा असतो, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती पडतो तो लिहायचा असतो, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहायचा असतो. मी शोरूममध्ये केएफएस मागितला तेव्हा त्या पोरानं फोन लावला, बाहेर गेला, आणि परत आल्यावर म्हणाला तो नंतर व्हॉट्सॲपवर येईल. तो पोरगा पगारी आहे, त्याच्यावर माझा राग नाही, पण सहीच्या आधी मिळायचा कागद सहीनंतर काय कामाचा?

इन्शुरन्सही शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, मी बाहेरून घेतला तर साडेपाच हजार वाचले. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, माझा अर्ज होता, नंबर लागला नाही म्हणून अनुदान नाही, पण ज्यांचा अर्ज आहे त्यांनी पूर्वसंमती पत्र हातात येईपर्यंत बिल करू नका, "घेऊन टाका, नंतर बसवू" असं कुणी म्हणालं तर लाख-सव्वा लाख जातील आणि म्हणणारा जबाबदारी घेणार नाही.

आणि डिलिव्हरीच्या दिवशी घाई करू नका. घरात सगळे नटून, नारळ-हार घेऊन आलेले, मालकीण पूजेचं ताट धरून उभी, आणि मी सवयीनं खाली वाकून टायर बघितलं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते पुढच्या दोन्ही टायरवर झिजून गेलेले, खोबणीत वाळलेली लाल माती, आणि अवर मीटरवर ३८ तास. आमच्याकडं लाल माती नाही. डेमोला फिरवलेला ट्रॅक्टर धुऊन हार घालून उभा केला होता. मी चावी परत ठेवली. सौभाग्यवतीला वाईट वाटलं, मुहूर्त होता, पण दुपारी चारपर्यंत गोडाऊनमधून दुसरा आला, त्याच्या चेसिस प्लेटवरचा महिना-वर्ष मी स्वतः वाचलं, बिलावरचा नंबर जुळवला, मग नारळ फोडला.

तर संपादक साहेब, माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक ट्रॅक्टर शोरूममध्ये दर्शनी भागात फलक लावणं सक्तीचं करावं, मॉडेल, मूळ किंमत, जीएसटी, पासिंग, इन्शुरन्स, बंपर-हूड-टॉपलिंकसारखं जोडसामान, प्रत्येकाचा आकडा वेगळा, आणि मागेल त्याला तसंच सही-शिक्क्याचं कोटेशन द्यावं. कृषी विभाग यांत्रिकीकरणाच्या योजनेतून शेतकऱ्याला अनुदान देतो, तर ज्या डीलरच्या बिलावर अनुदान द्यायचं त्याला एवढी अट घालायला काय अडचण आहे? भाव किती घ्यावा ते ज्याचं त्यानं बघावं, पण गिऱ्हाईकानुसार बदलणारा कार्डामागचा आकडा बंद झाला पाहिजे.

सोबत ऑगस्टचं कार्ड, दोन्ही कोटेशन आणि बँकेचा केएफएस यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. डीलरचं आणि माझं नाव झाकून त्या छापल्या तर माझी हरकत नाही.

आपला वाचक,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक